उजवा कौल

मोटरसायकल घ्यावी की घेऊ नये, हा काय देवीला विचारायचा प्रश्न आहे का, असं मी आईला चांगलं ठणकावून विचारलं होतं. आई शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग कोणाक विचारतलो? म्हापशाच्या मेकॅनिकाक?"

पेडण्याकडच्या आमच्या पार्स्यात देवीला सगळंच विचारतात. गुरव पाषाणाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, काही उजव्या अंगाला, काही डाव्या अंगाला. मग गाऱ्हाणं घालतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठल्या स्थळाला द्यायची, आजाऱ्याला म्हापशाला न्यायचं की बेळगावला, सगळं त्या पाकळ्यांवर ठरायचं. आणि एकदा कौल मिळाला की तीच गोष्ट पुन्हा विचारायची नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि कॉलेजात गेल्यापासून मी त्याला हसत होतो. हसायला काय, फुकट असतं.

गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, या भांडणाचे दिवस होते ते. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, पत्रं मराठीत, आरत्या मराठीत, आणि भांडणं दोन्हीत. मी डिचोलीकडच्या एका खाणीवर काट्यावर कारकून होतो. खनिजाचे ट्रक येत, काट्यावर उभे राहत, मी वजन घेत असे आणि तांबडी धूळ नाकातोंडात घेत असे. दुपारी जेवताना पूर्वी आम्ही एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. त्या वर्षी डबे भिंतीकडे तोंड करून खाऊ लागलो. जो माणूस माझ्या आईच्या हातचं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, सुकं मागून खायचा, तो मला एकदा म्हणाला की तुम्ही पेडण्याचे लोक गोव्याचे नव्हेतच. मी त्याला त्याहून वाईट काहीतरी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, कारण ते मी ज्या भाषेसाठी भांडत होतो त्याच भाषेत बोललो होतो.

रस्ते सारखे बंद असायचे. पार्स्याहून डिचोलीला जायला म्हापशाला बस बदलावी लागे, आणि कुठे टायर जाळलेले, कुठे झाड आडवं पाडलेलं. अशाच एका दिवशी म्हापशाहून परत येताना कोलवाळच्या अलीकडे बस थांबली. पुढे रस्त्यावर माडाचा बुंधा आणि त्याच्यामागे घोळका. आम्ही उतरून उभे राहिलो. कोणी काही बोललं तर आपण कुठल्या भाषेत उत्तर द्यायचं, याचाच विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

तेवढ्यात मागून ती गाडी आली. आधी आवाज आला, मग गाडी. असली मोटरसायकल मी तोवर जवळून पाहिली नव्हती. साडेतीनशे सीसीची, पण नुसती तेवढीच नव्हे. पेट्रोलची टाकी वाढवून घेतलेली, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पायांपुढे जाड नळीचे गार्ड, रुंद हँडल. वर एक दाढीवाला गोरा. त्याने घोळक्यापाशी गाडी बंद केली, हसला, हातांनी विचारलं. घोळक्यातल्या दोघांनी स्वतः बुंधा उचलून बाजूला केला आणि त्याला वाट दिली. त्याला आमच्या दोन्ही भाषा येत नव्हत्या, म्हणून त्याच्याशी कोणाचंच भांडण नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं. सगळ्यांत पुढे मी उभा होतो. त्याने मागची सीट थोपटली आणि मी बसलो. बसमधले लोक माझ्याकडे बघत राहिले. बुंध्याशेजारून पलीकडे जाताना मला जे वाटलं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. मोकळं वाटलं, एवढंच सांगतो.

तो हरमलला समुद्राजवळ एका पागी, म्हणजे मासे पकडणाऱ्या, माणसाच्या झोपडीत राहत होता. गाडी त्याने दिल्लीत घेतली होती आणि तिच्यावरून लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत फिरून शेवटी हरमलला येऊन पसरला होता. एप्रिल संपताना परत आपल्या देशाला जाणार होता आणि गाडी विकणार होता. मी दर रविवारी तिथे जाऊ लागलो. त्याने मला ती सुरू करायला शिकवलं. अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, सोडायचा, मग एकच किक, सगळं वजन टाकून. चुकलं की किक उलट येते. माझी नडगी आठवडाभर काळीनिळी होती आणि आई तिला हळद लावताना एक शब्द बोलली नाही. ती बोलत नसली की आमच्या घरात भांडी जोरात वाजतात.

तिची भीती मला कळत होती. वडील मी शाळेत असतानाच गेले. मोठा भाऊ मस्कतला गेला, तोही सांगून नव्हे. पासपोर्ट झाला, व्हिसा आला, हे आम्हांला तो निघायच्या आदल्या दिवशी कळलं. जाताना त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वर्षाने येतो म्हणाला. आला तो एकदाच, सहा दिवसांसाठी, आणि ते सहाही दिवस पंखा हळू फिरतो म्हणून कुरकुरत होता. आता घरात मी आणि आई. तिला ती गाडी म्हणजे गाडी दिसत नव्हती. तिला दोन्ही बाजूंच्या पेट्या दिसत होत्या. कपडे भरायला एवढ्या मोठ्या पेट्या माणूस डिचोलीला जायला कशाला लावेल? तिचं चुकतही नव्हतं. माझ्या मनात डिचोली नव्हतीच. राजीनामा द्यावा आणि निघावं, आधी सावंतवाडी, मग कोल्हापूर, मग जिथे कोणी आपल्याला कुठल्या बाजूचा म्हणून विचारणार नाही तिथपर्यंत. परत यायचा विचार मी केला नव्हता. करायचं टाळत होतो.

पैशांचं म्हणाल तर तेवढे होते. अडत होतं ते दुसरीकडेच. हरमलहून परतताना मी ठरवायचो की घ्यायची. घराचं कौलारू छप्पर दिसलं की ठरवायचो, नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तो गोरा शांतपणे म्हणायचा, तू सांग, मी दुसऱ्या कोणाला देत नाही. त्याच्या शांतपणाचाही मला राग यायला लागला.

म्हणून शेंगा मोडणाऱ्या आईला एवढं ठणकावून झाल्यावर तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "विचार तुज्या देवीक. ती काय सांगता तसा करतां."

ती चमकली. "सोपूत घे."

मी शपथ घेतली. वर, मी काही देवळात येणार नाही, माझी ड्यूटी आहे, असंही सांगितलं. मला वाटलं होतं की आपण तिचं मन राखतोय. खरं म्हणजे मी देवीच्या खांद्यावर बंदूक ठेवत होतो.

त्या सोमवारी मी खाणीवरून आलो तेव्हा आई पडवीच्या पायरीवर बसली होती. डोक्यात अबोलीचा वळेसर तसाच होता, देवळातून आल्यावर काढला नव्हता. मी चप्पल काढायच्या आधीच ती म्हणाली, "डावो."

"डावो?"

"डावो दिलो देवीन. नाका म्हणता ती."

मी आत गेलो, तोंड धुतलं, आणि तोंड धुताना माझ्या लक्षात आलं की मला हलकं वाटतंय. एक घाव, दोन तुकडे. ते वाटणं फार तर जेवण होईपर्यंत टिकलं. मग राग आला. देवीचा आला, आईचा आला, पार्स्याचा आला. पुढचे कित्येक दिवस मी घरात असा वावरलो, की जणू माझ्या पायात कोणी बेडी घातलीय. आमटीत मीठ कमी आहे म्हणायचो. बस चुकली तर तिला ऐकवायचो, "गाडी आसती तर चुकली नासती." ती गप्प राहायची. तिचं गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटायचं, म्हणजे तिला वाईट वाटतंय असं. वाटू दे, म्हणायचो मी. हरमलला जाणं मी बंद केलं, पण गोऱ्याला नाही म्हणून सांगायलाही गेलो नाही.

एक गोष्ट मात्र मला दिसूनही दिसली नाही. आई देवळात जायची थांबली होती. सोमवारी तिचा गुडघा दुखायचा. शुक्रवारी कोणीतरी यायचं असायचं. नारळ ती शेजारणीच्या हातून पाठवायची आणि शेजारणीने प्रसादाचं फूल आणून दिलं की ते केसांत न माळता तुळशीपाशी ठेवून द्यायची. गुडघा दुखत असताना ती काजूच्या बागेत मात्र सकाळ-संध्याकाळ जात होती.

एप्रिलात एकदा पेडण्याच्या बाजारात गुरव भेटला. कलिंगड बोटाने वाजवून बघत होता. मला पाहून त्याने कलिंगड खाली ठेवलं.

"कितें रे, गाडी हाडली? खंयची ती मोठी? दाखय तरी."

मी म्हटलं, "काका, तुमीच डावो कौल दिलो आणि आता गाडी विचारतात?"

गुरव माझ्याकडे बघतच राहिला. "डावो? कोण म्हणता डावो? उजवो दिल्लो तुका. माजा गाऱ्हाणा पुराय जावंक ना, तेचे पयली उजवी पाकळी पडली. एवढो बेगीन कौल हांवें हल्लीं बघूंक ना." मग माझं तोंड बघून त्याला काय ते कळलं असावं. त्याने कलिंगड पुन्हा उचललं आणि म्हणाला, "आवयक विचार. माका कितें खबर ना." पुढे तो एकदाही माझ्याकडे न बघता कलिंगडच वाजवत राहिला.

बसमध्ये मी काय काय बोलायचं ते जुळवत आलो. मला संताप आला होता, पण खरं सांगायचं तर संतापाच्या खाली एक आनंदही होता. आता माझं पारडं जड होतं. देवी माझ्या बाजूला, आणि खोटं आईच्या नावावर.

आई अंगणात काजूच्या बिया उन्हात पसरत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"उजवो पडलेलो?"

तिचे हात थांबले. ती नाही म्हणेल, काहीतरी सांगेल, गुरव म्हातारा झालाय म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "होय. उजवो."

"आणि तू माका डावो म्हणान सांगलें? देवीच्या नावान?"

"सांगलें."

मग ती बसली, तिथेच, बियांच्या कडेला. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी जे बोलायचं जुळवून आणलं होतं त्यातलं एक वाक्य मला आठवेना. ती म्हणाली, की देवळातून पायऱ्या उतरताना तिला उजवाच सांगायचा होता. घरी आली, पायरीवर बसली, आणि माझी वाट बघता बघता तिच्या डोळ्यांपुढे निघून जाणाऱ्या मोठ्या भावाची पाठमोरी आकृती यायला लागली. मी फाटकातून आत आलो आणि तिच्या तोंडातून डावा निघाला. निघाल्यावर मागे घेता आला नाही.

"ते दिसापासून देवळात पाय घालूंक ना हांवें," ती म्हणाली. "खंयच्या तोंडान वचूं? माका न्हीद येना. तुका कितें जालें तर? बस उलटली तर? ती देवी आसा बाबा, ती सगळां बघता. हांवें तिचो शब्द मोडलो."

मला या सगळ्यावर विश्वास नव्हता, पण तिला होता. एवढे दिवस मी मीठ कमी आहे म्हणत होतो आणि ती माझ्यासमोर बसून, देवी याच्या जिवावर तर उठणार नाही ना, हे मोजत होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, हे वाईट.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "फाल्यां वच आणि गाडी घेवन यो. देवीन दिल्या ती हाड. मागीर हांव देवळात वतां, नाक घासतां. तू गाडी हाडल्यार सगळा सारकें जाता."

म्हणजे आता तिलाच ती गाडी हवी होती. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. देवीच्या शब्दाप्रमाणे घडावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि हरमलला गेलो. गोरा सामान बांधत होता. गाडी झोपडीमागे उभी होती, पुसलेली. मी त्याला म्हटलं, एकदा लांब नेऊन आणू का? त्याने किल्ली माझ्याकडे फेकली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, आणि मला ते शुभ वाटलं, जो मी पाकळ्यांना हसत होतो त्या मला.

कोरगावावरून पेडण्यात आलो. बाजाराच्या चौकात, टिंट्यावर, ओळखीचे दोघे-तिघे होते, त्यांनी हात केला. मालपेचा चढ ती गाडी अशी चढली, की गियर बदलायचीही गरज वाटली नाही. मग तोरसे, आणि मग पत्रादेवीचा नाका. तिथे गोवा संपतो. पोलिसाने पेट्यांवर बोट वाजवलं, रिकाम्या आहेत हे पाहिलं, आणि जा म्हणून मान हलवली. समोर रस्ता होता, सरळ सावंतवाडीकडे. कोणी बुंधा आडवा टाकला नव्हता. देवीचा उजवा होता. आई म्हणत होती, गाडी घे. घरात मला अडवणारं एक माणूस उरलं नव्हतं.

आणि मी गाडी बाजूला घेतली. एका आंब्याखाली उभी केली, पण बंद केली नाही. हँडल थरथरत होतं. पुढे जायचं तर कुठे, हे मी स्वतःला पहिल्यांदाच नीट विचारलं. कोल्हापुरात उतरून मी कोणाच्या दारात उभा राहणार होतो? तिथेही संध्याकाळ होणार होती. त्यातलं मला काहीच नको होतं. मला घर सोडायचं नव्हतंच. मला घर सोडू न देणारं कोणीतरी हवं होतं, म्हणजे जन्मभर म्हणता आलं असतं की मी गेलो असतो, पण. हे इतकं लाजिरवाणं होतं की मी तिथे, त्या रिकाम्या रस्त्यावर, मोठ्याने शिवी दिली. कोणाला दिली ते आता काय सांगू.

गाडी वळवून हरमलला परत नेऊन दिली. गोऱ्याने कारण विचारलं नाही. म्हापशाचा एक पायलट, लोकांना मागे बसवून भाड्याने नेतात ना, त्यातला, त्याच्या मागे लागला होता म्हणे, त्याला दिली असेल. मी बसने घरी आलो.

पार्स्याच्या वळणावर उतरून चालत आलो तेव्हा ऊन कलत होतं. आईने पडवी रिकामी केली होती. काजूच्या बियांच्या गोणी, नारळांचा ढीग, वडिलांची जुनी आरामखुर्ची, सगळं तिने एकटीने, दुखऱ्या गुडघ्याने, एका भिंतीला ओढून लावलं होतं. जमीन शेणाने सारवून मधोमध एक पाटाएवढी रांगोळी काढली होती. जास्वंदीचा हार करून खुंटीला टांगला होता. नवी साडी नेसून ती फाटकात उभी होती आणि माझ्याकडे बघतच नव्हती, माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होती.

"गाडी खंय?"

"हाडूंक ना."

"फाल्यां हाडतलो?"

"ना गे. घेवचीच ना. माका खंयच जावचा ना, आई."

मला वाटलं होतं की हे ऐकून ती सुटेल. रडेल, हसेल, देवी पावली म्हणेल. तिने फाटकाचा खांब धरला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जसं एखाद्या परक्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा. मग अगदी हळू, रागाने नव्हे, खरोखरच कळत नसल्यासारखं तिने विचारलं,

"मग हांवें देवीचा नाव घेवन खोटें कित्याक सांगलें रे?"